दशावतारी नटाचे शरीरभान : पिलाटीस पद्धतीच्या संदर्भात एक चिकित्सा

सिंधुदुर्गातील दशावतारावर मराठीत जे समीक्षालेखन झाले आहे, त्यात आख्यानांचे पौराणिक मूळ, आडदशावतार व मुख्य आख्यान यांची रचना, लिखित संहितेचा अभाव आणि संवादांची उत्स्फूर्तता या विषयांना मोठे स्थान मिळालेले दिसते. ज्या शरीराच्या आधारे हा खेळ रात्रभर उभा राहतो, त्याचा विचार मात्र वेशभूषा व रंगभूषेच्या वर्णनापलीकडे फारसा जात नाही. ही उणीव केवळ तपशिलाची नाही. नटाचे शरीर ही ‘अंगात मुरलेली’ देणगी मानली की त्याच्या शिक्षणाचा प्रश्नच उपस्थित होत नाही.

या प्रश्नाकडे पाहण्यासाठी जोसेफ पिलाटीस (१८८३–१९६७) यांची व्यायामपद्धती उपयुक्त ठरते. जर्मनीत जन्मलेल्या पिलाटीस यांना पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये नजरकैदेत राहावे लागले. पुढे १९२६ च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले आणि तेथील नर्तकांमध्ये त्यांची पद्धती रुजली. १९४५ मधील ‘रिटर्न टू लाइफ थ्रू कॉन्ट्रॉलॉजी’ या पुस्तकात त्यांनी चटईवर करावयाचे ३४ व्यायाम दिले आहेत. स्वतःच्या पद्धतीला त्यांनी दिलेले नाव ‘कॉन्ट्रॉलॉजी’, म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र, असे होते. आज सर्वत्र सांगितली जाणारी एकाग्रता, केंद्र, श्वसन, प्रवाहिता आदी तत्त्वांची यादी मात्र त्यांची नव्हे. ती फ्रीडमन व आयझेन यांच्या १९८० मधील पुस्तकाने रूढ केली. मूळ पुस्तक हे यादीपेक्षा बरेच अधिक हट्टी, काहीसे प्रचारकी आणि आधुनिक नागर जीवनावर रागावलेले आहे. बैठ्या माणसाला शरीर परत मिळवून देणे हा त्याचा हेतू होय. दशावतारी नट बैठा नाही, हे येथे प्रथमच लक्षात घ्यावयास हवे.

कार्तिकानंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला की हा नट एका गावाहून दुसऱ्या गावी जातो, स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो आणि मृदंग-झांजेच्या तालावर पहाटेपर्यंत उभा राहतो. पूर्वी सामानाचे पेटारे डोक्यावरून नेले जात. रात्रीच्या राजाच्या डोक्यावर सकाळी बोजा असतो, या अर्थाची म्हण त्यातूनच आली. रंगमंचावर एक बाकडे असते. तेच सिंहासन, तेच पर्वत. राजपार्टी नट त्यावर चढतो, उतरतो, युद्धात गिरक्या घेतो आणि युद्ध थांबताच दम न खाता लांबलचक वाक्ये बोलू लागतो. या क्षणी श्वासाचे काय होते? पिलाटीस यांनी ओले फडके पिळावे त्याप्रमाणे श्वास पूर्ण बाहेर टाकण्यावर दिलेला भर येथे प्रत्यक्ष उपयोगाचा आहे. त्यांचा ‘हंड्रेड’ हा पहिलाच व्यायाम पोटाचे स्नायू ताणलेले असताना लयीत श्वास चालू ठेवण्याचा सराव देतो. गिरकीनंतर बोलणाऱ्या नटाला नेमकी हीच क्षमता लागते.

पावसाळ्यातील चित्र वेगळे आहे. कथकलीत हाच काळ तेलमर्दन व अंगसाधनेचा मानला जातो. केरळ कलामंडलमने (स्थापना १९३०) ही शिस्त संस्थात्मक केली. दशावतारी नटाचा पावसाळा बहुधा भातलावणीत जातो. लावणीचे श्रम हा व्यायाम नव्हे. त्यात पाठीचा कणा तासन्‌तास पुढेच वाकलेला राहतो, आणि त्याला मागे वळवणारी, तोल परत आणणारी कोणतीही क्रिया दिनक्रमात नसते. पिलाटीस यांच्या पोटावर पडून छाती उचलण्याच्या व्यायामांचे महत्त्व या संदर्भात अधिक आहे. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. एक चटई पुरेशी होते.

तथापि ही पद्धती जशीच्या तशी उचलणे हानिकारक ठरेल. नाभी आत ओढलेली, खांदे खाली, कणा लांब, असे एकच शरीर ती आदर्श मानते. राक्षसपार्टीचा दरारा याच्या उलट, रुंद पवित्र्यातून आणि पुढे काढलेल्या पोटातून निर्माण होतो. संकासुराचा विनोद तर शरीराच्या बेशिस्तीवरच उभा असतो. त्याला सरळ केले तर तो संकासुर राहणार नाही. भरताने नाट्यशास्त्रात चारींच्या विवेचनात व्यायाम व सौष्ठव यांची सांगड घातली आहे. उरोभाग उन्नत आणि अंगे समतोल असणे हे सौष्ठवाचे लक्षण तो सांगतो. ही कल्पना पिलाटीस यांच्या जवळची वाटते, परंतु भरताचा व्यायाम तेलमर्दन व आहार यांसह प्रयोगासाठीच योजलेला आहे. पिलाटीस यांची पद्धती मुळात प्रयोगासाठी नाही. म्हणून तिचा उपयोग हावभाव शिकवण्यासाठी न करता, कोणताही हावभाव करून पुन्हा तटस्थ स्थितीत येण्याची क्षमता मिळवण्यासाठी करावयास हवा. संवादांची उत्स्फूर्तता त्यामुळे बाधित होत नाही. उत्स्फूर्तता वाणीची असते, तिच्यासाठी गुडघे व कंबर अशिक्षित ठेवण्याचे कारण नाही.

सर्वाधिक विचार करावयास लावणारा नट स्त्रीपार्टीचा आहे. पुरुषी खांदे आवरणे, पाऊल आखूड करणे, कमरेचा तोल नऊवारीच्या निऱ्यांना साजेल असा ठेवणे, ही कामे तो कोणत्याही पुस्तकावाचून, ज्येष्ठांना पाहून शिकतो. ज्या सूक्ष्म स्नायुभानासाठी न्यूयॉर्कच्या नर्तकांना पिलाटीस यांच्याकडे जावे लागले, ते त्याच्याकडे आधीच आहे. त्याला फक्त शब्द नाहीत. त्याच्या साधनेची नोंद घेताना नागर पद्धतीने त्याला काय शिकवावे याआधी, त्याने स्वतःला काय व कोणत्या क्रमाने शिकवले हे विचारणे अभ्यासकाला अधिक फलदायी ठरेल. मराठीत व्यायामाचा विचार कमी नाही. द. चिं. मजुमदार यांनी संपादित केलेला व्यायाम ज्ञानकोश दहा खंडांत उपलब्ध आहे. परंतु नटाच्या शरीरावरील अशी विचारपूस व्यायामकोशाच्या आणि नाट्यसमीक्षेच्या मधल्या जागेत पडून राहिली आहे.