खरा घोडा, चित्रातला स्वार

एखाद्या कलाकृतीकडे जाणकारांनी पाठ फिरवावी आणि सामान्य प्रेक्षकांनी मात्र ती पन्नास वर्षे उराशी धरून ठेवावी, असे जेव्हा घडते, तेव्हा जाणकारांनी आपली मापे एकदा तपासून पाहणे इष्ट असते. १९७४ साली अमेरिकेत निघालेला ‘गॉन इन सिक्स्टी सेकंड्स’ हा चित्रपट या जातीचा आहे. मोटारींच्या पाठलागाचे चित्रपट ज्यांना प्रिय आहेत, त्यांच्या लेखी हा जवळजवळ आद्यग्रंथ होय. नाट्य, संवाद, अभिनय या कसोट्या लावणाऱ्याला मात्र तो पहिल्या अर्ध्या तासातच निराश करतो. या दोन निकालांपैकी खरा कोणता, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

चित्रपटाचा कर्ता एच. बी. हॅलिकी. निर्माता, लेखक, दिग्दर्शक आणि नायक या चारही जागा त्याने एकट्याने सांभाळल्या. तो काही नाट्यशाळेतून आलेला नव्हता. न्यूयॉर्क राज्यातील डंकर्क गावी १९४० साली एका मोठ्या कुटुंबात तो जन्मला, आणि पुढे कॅलिफोर्नियात येऊन मोटारींच्या व मोडीच्या धंद्यात स्थिरावला. चित्रपटाला सुमारे दीड लाख डॉलर लागले असे सांगतात; हॉलिवूडच्या हिशेबात ही रक्कम चिल्लरच म्हणावी लागेल. व्यावसायिक नटांना द्यायला पैसा नव्हता, म्हणून आप्त, मित्र, खरेखुरे पोलीस आणि बंबवाले पडद्यावर आले. कार्सन शहराचे तत्कालीन महापौर साक यामामोटो हे तर महापौर म्हणूनच त्यात वावरतात.

कथानक एका परिच्छेदात मावण्याइतके आहे. मेंड्रियन पेस हा वरकरणी विमा कंपन्यांसाठी मोटार-चोऱ्यांचा तपास करणारा गृहस्थ, आतून मात्र मोटारचोरांच्या टोळीचा म्होरक्या. परदेशी गिऱ्हाइकासाठी ४८ मोटारी थोड्या दिवसांत पळवून द्यायचे काम तो पत्करतो. टोळीने प्रत्येक गाडीला एकेका स्त्रीचे नाव दिलेले असते. त्यांतील ‘एलेनॉर’ ही पिवळ्या रंगाची फोर्ड मस्टँग. विमा उतरवलेली गाडीच चोरायची, हा त्याचा नियम. चोरीच्या एका गाडीत अमली मालाचा साठा सापडतो, तो विकण्यावरून त्याचे यूजीन या आप्ताशी बिनसते, यूजीन पोलिसांना खबर देतो, आणि लाँग बीच येथे एलेनॉर पळवीत असताना पेसच्या मागे पोलीस लागतात. येथून पुढे सुमारे ४० मिनिटे हा चित्रपट दुसरे काहीही करीत नाही.

पूर्वार्धाची वकिली करण्याची आमची इच्छा नाही. माणसे एकमेकांशी बोलतात ती बहुधा पाठमोरी, नाहीतर चौकटीबाहेरून. संवाद मागाहून चिकटवल्याचे लपत नाही. स्त्री-पात्रांना करण्यासारखे फारसे काही नाही. संकलकाने संहिता मागितली तेव्हा हॅलिकीने त्याच्या हाती वर्तुळ काढलेला एक पुठ्ठा दिला आणि ‘हे धुळीचे मैदान, त्याला आम्ही दोन फेऱ्या मारल्या’ अशा अर्थाचे काही सांगितले, अशी आख्यायिका आहे. पूर्वार्ध पाहिला म्हणजे तिच्यावर विश्वास ठेवणे जड जात नाही.

मग रसिक भुलले ते कशाला? मोडतोडीला, हे सोपे उत्तर आहे. दीड तासापेक्षा थोड्याच मोठ्या या चित्रपटात ९३ गाड्यांचा चुराडा होतो, हा आकडा त्याच्या जाहिरातीचाच भाग होता. परंतु नुसत्या चुराड्याची हौस भागवणारे चित्रपट त्यानंतर पुष्कळ निघाले, आणि त्यांतील बहुतेकांची नावेही आज कोणाला आठवत नाहीत. आमच्या मते या पाठलागाचे मर्म एलेनॉरच्या अंगावर उमटत जाणाऱ्या घावांत आहे. आरंभी ती निष्कलंक असते. मग एक पोचा, मग वाकलेला बंपर, फुटलेला दिवा, चेपलेला दरवाजा. जो घाव एकदा बसला तो पुढच्या दृश्यात भरून येत नाही. चाळीस मिनिटांच्या अखेरीस तिचा मूळ आकार आठवावा लागतो, तरीही ती धावत असते. ज्या चित्रपटात एकाही माणसाच्या स्वभावाचा विकास होत नाही, तेथे एका यंत्राला आरंभ, मध्य आणि अंत लाभला आहे. श्रेयनामावलीत नटांप्रमाणे एलेनॉरचेही नाव झळकते, ते कर्त्याच्या लहरीखातर असेल; पण आम्हांला ते न्याय्य वाटते.

येथे तुलनेसाठी ‘बुलिट’चे उदाहरण घ्यावे. पीटर येट्सचा १९६८ सालचा हा चित्रपट सर्वार्थाने श्रेष्ठ आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरील त्याचा पाठलाग दहा-अकरा मिनिटांचाच, पण अतिशय रेखीव. तथापि त्यातील काळ्या डॉजच्या चाकांवरून जितक्या टोप्या निखळतात तितकी चाके तिला नाहीत, आणि एकच हिरवी फोक्सवॅगन वाटेत पुनःपुन्हा मागे पडते, हे रसिकांनी केव्हाच हेरले आहे. ‘बुलिट’ला हा दोष मारक ठरत नाही, कारण तेथे आपण स्टीव्ह मॅक्वीनचा चेहरा पाहत असतो. हॅलिकीपाशी तसा चेहरा नव्हता. म्हणून घावांचा चोख हिशेब हाच त्याचा अभिनय झाला.

आपल्या साहित्यशास्त्रात श्रीशंकुकाचा चित्रतुरगन्याय प्रसिद्ध आहे. चित्रातल्या घोड्याला आपण घोडा म्हणतो. ते ज्ञान यथार्थ नव्हे, मिथ्या नव्हे, संशय नव्हे, सादृश्यही नव्हे. नटाच्या ठायी रामाची प्रतीती होते ती अशाच निराळ्या प्रकारची, आणि तिच्यातूनच प्रेक्षक रसाचे अनुमान करतो. हॅलिकीच्या चित्रपटात हा न्याय उलटा झाला आहे. येथे घोडा खरा आणि स्वार तेवढा चित्रातला! मेंड्रियन पेस ही कागदी आकृती आहे. पण १२८ फुटांची ती शेवटची उडी खरी, आणि तीत हॅलिकीच्या मणक्यांना झालेली इजाही खरी. महामार्गावर शंभर मैलांच्या आसपास वेगात असताना एलेनॉर दिव्याच्या खांबावर जाऊन आदळते, तो अपघात ठरवलेला नव्हता. तो तसाच चित्रपटात ठेवला आहे. शुद्धीवर येताच त्याने पहिली चौकशी चित्रण मिळाले की नाही याचीच केली, असे सांगतात.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. खऱ्या धोक्याने श्वास रोखला जाणे हा रसास्वाद नव्हे. तसा तो डोंबाऱ्याच्या दोरीखालीही रोखला जातो. हे आम्हांला मान्य आहे. केवळ खरेपणामुळे कला होत असती तर पोलिसांचा प्रत्येक पंचनामा काव्य ठरला असता. परंतु डोंबारी दोरीवरून उतरला की खेळ संपतो, मागे काही उरत नाही. येथे प्रत्येक आघात पुढच्या आघाताच्या हिशेबात जमा होतो, आणि त्या साठ्यातून एका जिद्दीचे रूप उभे राहते. लौकिक घटनेला क्रम आणि परिणाम लाभले की ती लौकिक राहत नाही. रसिकांना हे शास्त्राच्या भाषेत सांगता आले नसेल, पण त्यांनी ते ओळखले होते. २००० सालच्या सुमारास निघालेल्या आवृत्तीत मूळ संगीत आणि पुष्कळसे आवाज बदलण्यात आले, तेव्हा जुन्या ओबडधोबड ध्वनीसाठी ते हळहळले ते याच कारणाने.

दुसरा आक्षेप नीतीचा. विम्याची गाडी चोरली म्हणजे माणसाचे काही गेले नाही, हे पेसचे तर्कशास्त्र आमच्या वाचकांना अपरिचित वाटू नये. ‘सरकारचे गेले, कोणाचे काय गेले?’ हे त्याचेच आपल्याकडील भावंड. ज्यांनी सरकारी मालाच्या याद्या तपासल्या आहेत, त्यांना या वाक्याची किंमत ठाऊक आहे. पाठलाग सुरू होताच चित्रपट स्वतःच हे तर्कशास्त्र मोडून काढतो: ज्यांचा या व्यवहाराशी कसलाही संबंध नाही, अशांच्या गाड्या वाटेत चिरडत जातात. कर्त्याच्या मनात हे होते की नाही, हा प्रश्न गौण. पडद्यावर ते आहे.

हॅलिकीने या चित्रपटाचा उत्तरभाग हाती घेतला आणि २० ऑगस्ट १९८९ रोजी त्याच चित्रणात तो गेला. बफेलोजवळ पाण्याची एक टाकी कोसळवायची होती. तिचा दोर अवेळी तुटला, त्याच्या फटक्याने तारांचा खांब छाटला गेला आणि तो त्याच्या अंगावर पडला. त्याचे काही चाहते या मरणाला कलेसाठी दिलेली आहुती मानतात. आम्हांला ते मानवत नाही. एलेनॉरचे घाव अर्थपूर्ण होतात, कारण आपण ते क्रमाने पाहतो. दोर तुटण्याला असा काही अर्थ नाही. त्या मृत्यूने १९७४ चा चित्रपट मोठा होत नाही, आणि लहानही होत नाही.

२००० साली निकोलस केजला घेऊन याच नावाचा नवा चित्रपट निघाला. त्यावर सुमारे नऊ कोटी डॉलर खर्च झाले, एलेनॉर शेल्बी मस्टँग झाली आणि तिच्या उडीला संगणकाचे साहाय्य मिळाले. पात्रे अधिक रेखीव, अभिनय अधिक सफाईदार. येथे स्वाराचे चित्र सुधारले, पण घोडाही चित्रातलाच झाला. ते चित्र वाईट आहे असे नव्हे. फक्त त्याच्याकडून शंकुकाचा घोडा मागावा, हॅलिकीचा मागू नये.

जुन्या चित्रपटाचा शेवट मात्र पुन्हा पाहण्याजोगा आहे. मोटारी धुण्याच्या एका ठिकाणी पेसला हुबेहूब दुसरी पिवळी मस्टँग दिसते. क्रमांकाच्या पाट्यांची अदलाबदल करून तो नव्या, चकचकीत गाडीतून निसटतो. कथेच्या दृष्टीने हा नायकाचा विजय. पण त्या क्षणी प्रेक्षकाचे मन त्याच्याबरोबर जात नाही. ते मागे टाकलेल्या त्या मोडक्या गाडीपाशी थांबते. पूर्वार्ध क्षम्य नाही, संवाद उभे राहत नाहीत, हे जाणकारांचे म्हणणे आम्ही मान्य करतो. पण एका मोडक्या यंत्रासाठी असा चटका लावणे हे कलेचेच काम आहे, आणि ते रसिकांनी आमच्या आधी ओळखले.