इंडक्शन मोटरच्या रोटरची बळकटी : रूढ संकल्पनेची एक चिकित्सा

प्रास्ताविक

विद्युत अभियांत्रिकीच्या पदवी व पदविका अभ्यासक्रमात इंडक्शन मोटरचे प्रकरण सुरू झाले की पिंजरा रोटरच्या वर्णनात 'साधा, स्वस्त आणि मजबूत' ही तीन विशेषणे हमखास येतात. काही पाठ्यपुस्तके तर त्यास जवळजवळ अविनाशी ठरवितात. पुढच्याच पानावर समतुल्य परिपथ येतो आणि रोटरचे सारे अस्तित्व एक रोध व एक रिॲक्टन्स यांत सामावून जाते. तो फिरतो, तापतो, ताणला जातो, याचा उल्लेख पुन्हा क्वचितच होतो. रोटरला 'मजबूत' म्हणताना तो कोणत्या बलापुढे मजबूत, हा प्रश्न विचारला न गेल्यामुळे तांबे श्रेष्ठ की ॲल्युमिनियम, हा वादही चुकीच्या पायावर उभा राहिला आहे. प्रस्तुत लेखात या संकल्पनेची चिकित्सा केली आहे.

पिंजऱ्याचा वारसा

निकोला टेस्ला व गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८८ मध्ये फिरत्या चुंबकीय क्षेत्राचे तत्त्व स्वतंत्रपणे मांडले. त्यानंतर १८८९ मध्ये जर्मनीतील एईजी कंपनीत काम करणाऱ्या मिखाईल डोलिवो-डोब्रोवोल्स्की यांनी पिंजरा रोटर साकारला. लोखंडी गाभ्यात तांब्याच्या सळ्या आणि दोन्ही टोकांस त्यांना जोडणाऱ्या कड्या, ही त्याची रचना. ब्रश नाही, कम्युटेटर नाही, वेटोळी नाहीत. डी. सी. मोटरच्या तुलनेत हा रोटर खरोखरच दणकट होता आणि 'मजबूत' हे विशेषण त्या तुलनेतून जन्मले, असे दिसते. तुलना विस्मृतीत गेली, विशेषण मात्र राहिले. आज त्याचा अर्थ 'ज्याकडे लक्ष देण्याची गरज नाही' असा घेतला जातो, हे त्या विशेषणाचे दुर्दैवच म्हणावे लागेल.

दोन भिन्न शत्रू

रोटरवर येणाऱ्या बलांपैकी दोन निर्णायक आहेत. एक फिरण्यामुळे येणारे अपकेंद्री बल, दुसरे तापण्यामुळे होणारे प्रसरण. ही बले परस्परांहून इतकी भिन्न आहेत की एकासाठी उत्तम ठरणारा धातू दुसऱ्यासाठी दुर्बल ठरू शकतो.

प्रथम अपकेंद्री बलाचा विचार करू. फिरत्या पातळ कडीतील प्रतिबल म्हणजे धातूची घनता गुणिले परिघवेगाचा वर्ग. १५० मिलिमीटर व्यासाची कडी मिनिटाला १,४५० फेऱ्यांनी फिरली तर परिघवेग सेकंदाला सुमारे ११.४ मीटर भरतो आणि तांब्यातील प्रतिबल जेमतेम १.२ मेगापास्कल येते. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या चार ध्रुवांच्या लहान मोटरीत हा विषय पाठ्यपुस्तकाने सोडून दिला तरी बिघडत नाही. परंतु तीच कडी इन्व्हर्टरच्या साह्याने १४,००० फेऱ्यांवर नेली की परिघवेग ११० मीटर होतो आणि प्रतिबल सुमारे १०८ मेगापास्कलवर पोहोचते. मऊ पडलेले शुद्ध तांबे याच्या बरेच आधी कायमचे ताणले जाते. ॲल्युमिनियमच्या कडीत याच वेगास प्रतिबल केवळ ३३ मेगापास्कल असते, कारण त्याची घनता तांब्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे. अर्थात शुद्ध ओतीव ॲल्युमिनियमही फारसे ताकदवान नसते, तेव्हा त्याचा विजय गृहीत धरता येत नाही.

येथे जोडणीचा प्रश्न अधिक बिकट आहे. घडाई करून कठीण केलेल्या तांब्याची कडी बसविली तरी सळ्या ब्रेझिंगने जोडताना तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि त्या उष्णतेने तांबे पुन्हा मऊ होते. म्हणजे ज्या क्रियेने पिंजरा पूर्ण होतो, तीच क्रिया त्याची ताकद काढून घेते. क्रोमियम-झिर्कोनियम-तांबे हे मिश्रधातू येथे उपयोगी पडतात. वाहकतेचा थोडा त्याग करून ते तापल्यावरही ताकद बऱ्याच अंशी टिकवितात. कडीवर अचुंबकीय पोलादाची आवळकडी चढविणे हा दुसरा उपाय. २०१२ मध्ये बाजारात आलेल्या टेस्ला मॉडेल एस या मोटारगाडीत तांब्याच्या सळ्यांचा रोटर होता. वेगवान इंडक्शन रोटर व्यवहार्य असल्याचे तिने सिद्ध केले, हे मान्य करावेच लागते. मात्र याच कंपनीने २०२१ च्या प्लेड आवृत्तीत स्थायी चुंबकांचा, कार्बन तंतूंनी आवळलेला रोटर स्वीकारला. तांब्याचा पिंजरा त्या आवृत्तीत उरला नाही.

तापमानाची बाजू

आता दुसऱ्या शत्रूकडे वळू. मोटर थेट लाईनवर सुरू केली असता ती पूर्ण भाराच्या पाच ते सात पट प्रवाह खेचते. भार नसेल, तर स्थिर अवस्थेपासून पूर्ण वेगापर्यंत जाताना रोटरमध्ये निर्माण होणारी उष्णता फिरत्या भागांच्या अंतिम गतिज ऊर्जेइतकी असते. रोटरचा रोध कमी असो वा अधिक, ही बेरीज बदलत नाही. पाठ्यपुस्तकात हे सूत्र आढळले तरी त्याचा अर्थ क्वचितच उलगडला जातो : प्रारंभाची उष्णता वाहक धातू बदलून टाळता येत नाही, तो धातू ती कशी पचवितो एवढेच अभिकल्पकाच्या हाती राहते.

या परीक्षेत तांबे सरस आहे. समान आकारमानाच्या तांब्याची उष्णता सामावण्याची क्षमता ॲल्युमिनियमच्या सुमारे १.४ पट असते. ज्या उष्णतेने तांब्याची सळई १०० अंशांनी तापेल, त्याच उष्णतेने तेवढीच ॲल्युमिनियमची सळई १४० अंशांहून अधिक तापेल. शिवाय ॲल्युमिनियम अंशागणिक अधिक प्रसरण पावते. परिणामी ४०० मिलिमीटर लांबीची तांब्याची सळई ०.६८ मिलिमीटरने, तर ॲल्युमिनियमची सुमारे १.३ मिलिमीटरने वाढू पाहते. पोलादी गाभा मात्र त्या काही सेकंदांत जवळजवळ थंडच असतो. वाढीस वाव न मिळाल्यास तांब्यातही सुमारे २०० मेगापास्कल प्रतिबल निर्माण होईल, जे मऊ तांब्यास पेलणारे नाही. म्हणून मोठ्या मोटरींत सळई गाभ्याच्या मध्यावर घट्ट ठोकतात आणि टोकांकडे सरकू देतात. कडी गाभ्याला न चिकटविता थोडी दूर ठेवतात, जेणेकरून सळईचा मोकळा भाग किंचित वाकू शकेल. घट्ट बसविणे म्हणजे बळकट करणे, हा सामान्य समज येथे अर्धाच खरा ठरतो. पण सैल सोडणेही घातक. प्रारंभी खाचेतील बल सळईला ५० हर्ट्झच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला १०० वेळा तळाकडे दाबते आणि सैल सळई त्या ठोक्यांनी थकून तुटते.

खोल सळईच्या रचनेचे मूल्यमापनही या दृष्टीने नव्याने व्हावयास हवे. प्रारंभी प्रवाह सळईच्या वरच्या भागात एकवटतो, रोध वाढतो व सुरुवातीचे आघूर्ण सुधारते. विद्युत दृष्टीने हा मोठा गुण. परंतु वरचा भाग तापतो, खालचा मागे राहतो आणि सळई स्वतःतच वाकू पाहते. एकाच्या गुणात दुसऱ्याचा दोष दडला आहे, ही गोष्ट समतुल्य परिपथात कुठेही दिसत नाही.

मोजमापाचा प्रश्न

आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने २००८ मध्ये ६००३४-३० या मानकाद्वारे मोटरींचे कार्यक्षमता-वर्ग निश्चित केले. भारतात आयएस १२६१५ हे मानक त्याच धर्तीचे आहे. विजेच्या बचतीच्या दृष्टीने या वर्गीकरणाचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि हा वर्ग ठरतो तो नियत भारावर, तापमान स्थिरावल्यानंतर. रोटर किती प्रारंभ सोसेल, हे त्या अंकात नसते. अतिवेग चाचणीत मोटर कमाल नियत वेगाच्या १.२ पट वेगाने दोन मिनिटे फिरविली जाते आणि अपकेंद्री प्रतिबल १.४४ पट होते. ही चाचणी उपयुक्त खरी, पण ती पहिल्या शत्रूपुरतीच आहे.

महाराष्ट्रातील कृषिपंपांचा विचार केल्यास या त्रुटीचे गांभीर्य लक्षात येते. वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून अनेक शेतकरी ऑटोस्विच बसवितात. रात्री-अपरात्री विहिरीवर जाणे टळते, त्यामुळे हा उपाय अडाणीपणाचा म्हणता येणार नाही. परंतु अनेक पंप एकाच वेळी सुरू झाल्याने दाब कोसळतो, आघूर्ण दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, मोटर वेग घेण्यास विलंब लावते आणि वाढलेल्या भारित प्रारंभकाळाची उष्णता रोटरलाच सोसावी लागते. वीज पुन्हापुन्हा गेली तर हेच चक्र पुन्हापुन्हा. सर्वसाधारण मोटरीचे अभिकल्प मात्र थंड अवस्थेतून लागोपाठ दोन किंवा गरम अवस्थेतून एक प्रारंभ गृहीत धरते. शेतकऱ्याने कार्यक्षमतेची चिठ्ठी पाहून मोटर निवडली, तर त्याच्या या खऱ्या गरजेविषयी चिठ्ठी त्यास काहीही सांगत नाही.

सळई तुटली तरी मोटर लगेच थांबत नाही. तुटलेल्या सळईचा प्रवाह शेजारच्या सळ्यांवर पडतो, त्या अधिक तापतात व क्रमाने तुटतात. दरम्यान आवाज बदलतो, भाराखाली वेग घटतो, अँमीटरचा काटा लयीत हलतो. २ टक्के स्लिपवर चालणाऱ्या मोटरीच्या प्रवाहात ५० हर्ट्झच्या दोहो बाजूंस, ४८ व ५२ हर्ट्झला, या दोषाची खूण उमटते. मोटर जळाली म्हणून दुरुस्तीस आली की स्टेटरचे वाइंडिंग नवे भरले जाते. रोटर पुसून, बेअरिंग बदलून पुन्हा त्याच पोकळीत बसविला, आणि त्याच्या सळ्या ग्राउलरवर तपासल्या नाहीत, तर नवे वाइंडिंग जुन्याच दोषासह पुन्हा कामास लागते.