पत्रं ठेवणारा माणूस

मराठीतल्या पत्रवाङ्मयाबद्दल आपण बोलतो, तेव्हा लिहिणाऱ्याबद्दल बोलतो. ठेवणाऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. जी. ए. कुलकर्णींची पत्रं आज आपल्याला वाचायला मिळतात, ती ज्यांना आली त्यांनी जपली म्हणून. 'जी. एं.ची निवडक पत्रे' ही वेगवेगळ्या घरांतल्या कपाटांची बेरीज आहे. सुनीता देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रं मात्र 'प्रिय जी. ए.' या वेगळ्या पुस्तकात आहेत. एकाच संवादाच्या दोन बाजू वाचायच्या, तर दोन पुस्तकं शेजारी उघडी ठेवून तारखा जुळवत बसावं लागतं. 'कुसुमानिल'मध्ये (१९७२) कुसुमावती आणि अनिल या दोघांचीही पत्रं एकत्र मिळतात. ती लग्नाआधीची पत्रं. पुढे ही दोन माणसं एका घरात आली.

ईमेलनं ही अडचण मिटवली असं वरवर पाहता वाटतं. पत्र आणि उत्तर एकाखाली एक, तारखेसह, मिनिटासह. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल एक गिगाबाइट जागा घेऊन आलं, तेव्हा हॉटमेलवर जेमतेम दोन मेगाबाइट मिळत. तोवर खातं भरलं की बसून पत्रं पुसावी लागत. म्हणजे काय ठेवायचं हे ठरवावंच लागे. जागा वाढली आणि तो निर्णय आपल्या हातून गेला. सगळंच राहतं आहे, तेव्हा वेगळं काही ठेवायला नको, अशी आपली समजूत झाली. माझं म्हणणं असं, की इथेच मराठी पत्रवाङ्मयाची साखळी तुटली आहे. पत्रं साठली, पण ठेवणारा माणूस नाहीसा झाला.

आमच्या ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात कागदाचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. घर लहान, माळा भरलेला, जागा बदलताना पहिली जाते ती रद्दी. २६ जुलै २००५ला उल्हास नदीचं पाणी कल्याण-बदलापूर भागात घराघरांत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांतल्या कागदांचा लगदा झाला. ईमेलला पाणी लागत नाही, हे खरं. पण तिचं मरण वेगळं असतं.

डोंबिवलीतले एक कथालेखक वारले. त्यांच्या मुलीनं मला त्यांची मेल बघायला बोलावलं, कारण दिवाळी अंकांच्या संपादकांशी त्यांचा वीस वर्षांचा पत्रव्यवहार तिथे होता. पासवर्ड डायरीत लिहिलेला होता. पण नव्या यंत्रावरून खातं उघडताना ओटीपी मागितला गेला आणि तो ज्या मोबाइलवर जाणार, तो नंबर घरच्यांनी बिल वाचवायला केव्हाच बंद केला होता. दोन वर्षं न वापरलेली खाती पुसण्याचं धोरण गूगलनं २०२३मध्ये आणलं; म्हणजे आमच्याकडे मुदतही मोजकीच होती. खातं काही उघडलं नाही. हाती आली ती जुन्या डेस्कटॉपवर आउटलुक एक्स्प्रेसमध्ये उतरलेली २०११पर्यंतची पत्रं.

ती वाचणंही सोपं नव्हतं. युनिकोड रुळण्याआधीच्या कथा ज्या फाँटमध्ये टंकलेल्या, तो फाँट नसेल तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. पत्रांतली मराठी रोमन लिपीत, आणि 'कधी' हा एकच शब्द चार प्रकारे लिहिलेला. एका स्पेलिंगनं शोधलं की बाकीचे तीन निसटतात. जिथे देवनागरी होती, तिथेही मूळ फाइलमध्ये ती संकेतचिन्हांच्या रूपात असते. ती उलगडणारी प्रणाली वापरल्याशिवाय 'पाऊस' असा शोध घेतला, तर पाऊस सापडत नाही.

पण त्यात एका कथेचे तीन शेवट होते. संपादकांनी शेवटचा परिच्छेद काढायला सुचवलं होतं. लेखकानं दोन पत्रांत ठाम नकार दिला आणि तिसऱ्या पत्राला, रात्री दोनच्या सुमारास, परिच्छेद नसलेली कथा जोडून पाठवली. पत्रात मजकूर नाही, फक्त कथा. छापील अंकावरून त्या शेवटाला 'सूचक' म्हणणारा समीक्षक चुकत नाही. पण ती सूचकता कशी आली हे त्याला कळायची सोय नाही. कागदाच्या जमान्यात खाडाखोड हस्तलिखितात दिसे. आता ती फक्त जोडपत्रांत उरते.

म्हणून बॅकअप आणि संग्रह यांत फरक करायला हवा. बॅकअप कसा घ्यायचा हे कुणीही सांगेल: खात्यातली सगळी पत्रं एमबॉक्स स्वरूपात उतरवून घ्या, तीन प्रती करा, एक घराबाहेर ठेवा. पण वीस हजार पत्रांत बँकेच्या सूचना, रेल्वेची तिकिटं, विम्याचे हप्ते आणि मधेच ते तीन शेवट. जी. एं.च्या खंडांवरचा 'निवडक' हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा. निवड हे वाचनाचं काम आहे, आणि जोखमीचंही. कायद्यानं आलेला कागद आपला असतो, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा. ईमेलच्या एका खात्यात तर शेकडो माणसांनी विश्वासानं लिहिलेलं असतं. काय उघडं करायचं आणि काय वीस वर्षं बंद ठेवायचं, हे लेखकानं हयातीतच सांगून ठेवलं पाहिजे.

बाहेर हे सुरू होऊन बराच काळ लोटला. सलमान रश्दींचे जुने संगणक अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठानं कागदपत्रांबरोबर घेतले आणि २०१०मध्ये ते साहित्य अभ्यासकांना खुलं केलं. आपल्याकडे ठाण्यात आणि डोंबिवलीत अखिल भारतीय संमेलनं झाली, २०१०मध्ये आणि २०१७मध्ये. भाषेच्या जतनावर आपण नेहमीच बोलतो. पण इथल्या एखाद्या लेखकाच्या मुलीनं हार्ड डिस्क आणून दिली, तर ती घेऊन पोच कुणी द्यायची, हे ठरलेलं नाही.

याला विद्यापीठच लागतं असं नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. हॉटमेल आलं १९९६मध्ये, आणि ते नाव आज मागे पडलं आहे. टिकण्याचा अनुभव कुणाकडे जास्त आहे, हे या तारखांवरून दिसतं. एक टेबल, एक संगणक, जुने फाँट, देणाऱ्याशी एक पानाचा करार आणि वाचायला बसणारी दोन माणसं, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. तोवर प्रत्येक लिहित्या माणसानं निदान एवढं करावं: आपली पत्रं उतरवून घ्यावीत, ती कुणाकडे आहेत हे घरात सांगावं, आणि आपल्या मागे तो मोबाइल नंबर लगेच बंद करू नका, असं बजावून ठेवावं.