यादवीची लक्षणं: बार्बरा वॉल्टर यांचं पुस्तक वाचताना

पॉडकास्टच्या मागच्या भागात बार्बरा वॉल्टर यांच्या 'हाऊ सिव्हिल वॉर्स स्टार्ट' (२०२२) या पुस्तकावर बोलताना एक आक्षेप मांडायचा राहिला. तो इथे मांडतो.

आम्ही अमेरिकेत राहणारे. निवडणूक जवळ आली की जेवताना कुणीतरी विचारतंच, 'इथे यादवी होईल का हो?' वॉल्टर हा प्रश्न हसण्यावारी नेत नाहीत, हे पुस्तकाचं बळ. त्या दोन मुख्य लक्षणं सांगतात. देश धड लोकशाही नाही, धड हुकूमशाही नाही अशा अवस्थेत असणं. आणि पक्ष धोरणांऐवजी धर्म-वंशावर उभे राहणं. त्यातही ज्यांचं वर्चस्व ओसरतंय ते 'भूमिपुत्र' जास्त धोक्याचे. युगोस्लाव्हियाबद्दल वाचताना हे पटतं.

पण 'भूमिपुत्र' म्हटलं की तुम्हाला मुंबई आठवणारच. १९६६ मध्ये शिवसेना निघाली ती याच भावनेवर. दाक्षिणात्यांवर हल्ले झाले, त्यांची हॉटेलं फोडली गेली. ते विसरायचं कारण नाही. तरी यादवी झाली नाही. १९६० पासून राज्य मराठी माणसाचं होतं, महापालिकेची निवडणूक होती. रागाला जायला जागा होती.

आता श्रीलंका बघा. तिथेही निवडणुका होत होत्या. पण १९५६ मध्ये सिंहला हीच एकमेव राजभाषा झाली. १९८१ मध्ये जाफनाचं ग्रंथालय जाळलं गेलं. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत जमावांनी मतदारयाद्या घेऊन तमिळांची घरं हुडकली. पुढच्याच महिन्यात घटनादुरुस्ती आली: वेगळ्या राष्ट्राला पाठिंबा देणार नाही अशी शपथ घ्या. तमिळ खासदारांनी ती घेतली नाही. त्यांच्या जागा गेल्या. संसदेत गाऱ्हाणं मांडणारंच कुणी उरलं नाही, तेव्हा बंदूकवाल्यांचं ऐकणारे वाढले.

आशा संपली की माणसं शस्त्र उचलतात, हे वॉल्टरही सांगतात. पण अमेरिकेकडे वळल्यावर हा धागा मागे पडतो आणि २०२८ मधल्या बॉम्बस्फोटांचं कल्पनाचित्र पुढे येतं. वाचकाला भीती वाटते, पण नेमकं कशाकडे बघायचं ते कळत नाही.

म्हणून पुस्तक जरूर वाचा, फक्त सोबत एक साधा प्रश्न ठेवा: आज हरलेल्याला पुढच्या वेळी जिंकता येईल असं वाटतंय का? त्याचं उत्तर 'नाही' यायला लागलं, तर मात्र काळजी करा.