मोठे संगीतमहोत्सव आणि श्रोत्याचे स्थान : नाशिकच्या संदर्भात

प्रास्ताविक

संगीत कोणाच्या आश्रयाने सादर होते, यावर मैफलीचे स्वरूप बऱ्याच अंशी अवलंबून असते. दरबारी आश्रयावर जगणारे संगीत समाजापर्यंत नेण्यासाठी पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. उत्तरायुष्यात ते नाशिकला स्थायिक झाले. त्याच नाशिकमध्ये २००८ मध्ये एका वाइन कंपनीचा ‘सुलाफेस्ट’ द्राक्षमळ्यात सुरू झाला. या दोन टोकांमधील अंतर हाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

श्रोता आणि पर्यटक

पुण्यातील सवाई गंधर्व महोत्सव पं. भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केला. तेथेही हजारोंची गर्दी, प्रायोजकांचे फलक आणि खाद्यपदार्थांचे स्टॉल असतात. त्यामुळे केवळ आकार किंवा बाजार यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. फरक केंद्रस्थानाचा आहे. ‘सवाई’तून गायन-वादन वजा केले तर काहीच उरत नाही. ‘सुलाफेस्ट’मध्ये मात्र वाइन, भोजन आणि सहल यांच्या जोडीला संगीत हे एक आकर्षण ठरते. येथे श्रोत्याचा पर्यटक होतो. अर्थात, स्वतंत्र बँडना अशा महोत्सवांनी मंच दिला, हे श्रेय नाकारता येत नाही.

वेळेची मर्यादा

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकास मनाई आहे. वर्षातील मोजक्या दिवशीच राज्य शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. परिणामी, पूर्वी रात्रभर रंगणाऱ्या ‘सवाई’तून उत्तररात्रीच्या व पहाटेच्या रागांचे स्वाभाविक स्थान गेले. रहिवाशांच्या झोपेचा विचार करता नियम योग्यच आहे. परंतु नियमात बंदिस्त सभागृहांना मुभा आहे. गर्दीसाठी मैदान निवडताना रागसमयाचा त्याग होतो, याची जाणीव आयोजकांनी ठेवावयास हवी.

निष्कर्ष

कोरोनाकाळात दोन्ही महोत्सवांत खंड पडला. ‘सवाई’ २०२२ मध्ये, तर ‘सुलाफेस्ट’ २०२५ मध्ये पुन्हा भरला. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तथापि कंपनीचा महोत्सव कंपनीच्या निर्णयावर चालतो, हे स्पष्ट आहे. पलुस्करांच्या तिकिटाने श्रोता आश्रयदाता झाला. आज तो तिकीट घेऊनही केवळ ग्राहक राहतो. म्हणून महोत्सवाचे मूल्यमापन गर्दीवरून न करता कलावंतास मिळणारा वेळ, रागसमयाचा विचार आणि निर्णयप्रक्रियेतील श्रोत्याचे स्थान या निकषांवर व्हावे.