सॅन जुनिपेरोचा किनारा

आमच्या नगर जिल्ह्याला, आताच्या अहिल्यानगरला, समुद्र नाही. म्हणूनच की काय, किनारा म्हटला की आम्हांला त्याचे अंमळ अधिकच अप्रूप. गेल्या सुट्टीत भाच्याने ‘ब्लॅक मिरर’ या विज्ञानकथांच्या इंग्रजी मालिकेतील ‘सॅन जुनिपेरो’ ही २०१६ सालची कथा आम्हां घरच्यांना दाखविली. लेखक चार्ली ब्रुकर.

सॅन जुनिपेरो हे समुद्रकाठचे विलासी गाव. नाचघरे, दिव्यांचा झगमगाट, आणि सारी माणसे तरुण! तेथे बुजरी यॉर्की आणि मनमोकळी केली या दोघी भेटतात, एकमेकींच्या प्रेमात पडतात. पुढे उलगडते ते असे, की हे गाव भूतलावर नाहीच. ते यंत्राच्या स्मृतीत वसविलेले आहे. म्हातारी माणसे आठवड्यातून पाच तास तेथे जातात आणि मेल्यावर, इच्छा असल्यास, कायमची राहतात. खरी यॉर्की एकविसाव्या वर्षी झालेल्या मोटार-अपघातापासून अंथरुणाला खिळलेली वृद्धा आहे.

ज्ञानोबांनी गीतेवर निरूपण केले ते आमच्याच जिल्ह्यात, नेवाशाला. गीतेतला स्वर्गही मुदतीचाच. पुण्य सरले की मृत्युलोकी परत. येथेही बारा वाजले की पाहुणे अदृश्य होतात. मला शिक्षकाला मधली सुट्टी आठवली. घंटा व्हायची असते म्हणूनच पोरे जीव तोडून खेळतात. ज्यांची घंटा कायमची बंद झाली, असे रहिवासी ‘क्वॅगमायर’ नावाच्या अड्ड्यात, काहीतरी जाणवावे म्हणून, वाटेल ते करीत असतात. कथेतली ही सर्वांत भेदक जागा; पण ब्रुकर तिला नुसता स्पर्श करून पुढे जातो.

मात्र केली भांडते तो प्रसंग अव्वल दर्जाचा. एकोणपन्नास वर्षांचा संसार करून तिचा नवरा रिचर्ड गेला. या किनाऱ्यावर यायला त्याने नकार दिला, कारण त्यांची मुलगी एकोणचाळिसाव्या वर्षी वारली, तेव्हा ही सोयच नव्हती. जेथे लेक नाही, तेथे बापाला राहायचे नव्हते! भाचा आमच्या आईला मराठीतून सांगत होता. एक मूल गमावलेली ती बाई एवढेच म्हणाली, “बरोबर केलं त्यानं.”

शेवटी केली किनाऱ्यावर परतते. देह नवऱ्या-मुलीशेजारी पुरलेला, मन यॉर्कीपाशी. गाणे सुरू होते, प्रेक्षक सुखावतो. माझेही डोळे ओलावले, खोटे कशाला बोलू? यॉर्कीला आयुष्यात प्रथमच काही मिळाले होते. पण केलीचे मन कसे पालटले, हे लेखकाने दाखविलेच नाही. आणि रिचर्ड आपल्याला भेटतो तो फक्त बायकोच्या बोलण्यातून. त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही.