वाचनीय पुस्तकांच्या याद्या

सार्वजनिक ग्रंथालयांतून प्रौढ वाचकांसाठीं ‘वाचनीय पुस्तकें’ म्हणून ज्या याद्या लावण्यांत येतात, त्यांपैकीं कांहीं आम्हीं अलीकडे लक्षपूर्वक पाहिल्या. नांवें आहेत, किंमतीहि आहेत. पण एखादें पुस्तक कोणीं व कां वाचावें याविषयीं अवाक्षर नाहीं. यास शिफारस म्हणावयास आमची जीभ रेटत नाहीं.

सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणून जी व्यवस्था उभारली, तींत पुस्तकांच्या पेट्या गांवोगांव फिरत. पेटींत मावणार मोजकींच पुस्तकें. तेव्हां निवडणाऱ्यास वाचकाचा विचार करणें भागच पडे. पुढें १९३१ सालीं रंगनाथन् यांनीं प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळावा असा नियमच सांगितला. पण प्रस्तुत याद्यांत बहुधा नवीं आलेलींच पुस्तकें. जुन्यांना वाचक मिळावा कसा? विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) घ्या. आगबोटीवर भेटलेल्या निर्वासित ज्यू तरुणीची ही कथा, निर्वासितांच्या बातम्या रोज वाचणाऱ्यास आज किती जवळची वाटेल! एवढें एक वाक्य नांवापुढें असतें, तर कपाटांतली प्रत खालीं उतरली असती.

तें वाक्य लिहावयास आधीं पुस्तक वाचावें लागतें, आणि तेथेंच घोडें पेंड खातें. तुटपुंज्या वेतनावर देवघेवीची वही सांभाळणाऱ्या ग्रंथपालास आम्ही बोल लावीत नाहीं. परंतु कार्यकारी मंडळाच्या सन्माननीय सभासदांस महिन्याकांठीं एक पुस्तक वाचून त्यावर दोन ओळी लिहिणें खासच अशक्य नसावें.